रोजच्या जगण्यात चमत्कार कसा मागायचा: एका सिस्टरची वही

"सिस्टर, आमच्यासाठी प्रार्थना करा," असं लोक मला एसटीच्या थांब्यावरसुद्धा सांगतात. मी लगेच विचारते, "नेमकं काय मागू?" बहुतेक जण गडबडतात. "तेच... सगळं चांगलं होऊ दे." मग मी पिशवीतून वही काढते आणि पुन्हा विचारते. यरीहोच्या रस्त्याला बसलेला बार्तीमय आंधळा आहे, हे सगळ्या गर्दीला दिसत होतं. तरी प्रभू येशूने त्याला विचारलंच, की मी तुझ्यासाठी काय करू? (बायबल, मार्क १०:५१). त्यानेही आढेवेढे न घेता सांगितलं, मला दिसावं.

साक्री तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी एकतीस वर्षं नर्स होते. खांद्याला लसींची पेटी, पायाखाली पाड्यांच्या वाटा. ख्रिस्ती घरातच जन्मले, पण प्रार्थना करायला शिकले ती या नोकरीत. बाळंतपण अडलेलं, नाल्याला पूर आलेला आणि गाडी पलीकडच्या काठाला, अशा वेळी. आता निवृत्त आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण मुली विचारतात, मोशेसाठी समुद्र दुभंगला ते ठीक, पण माझ्या गॅसच्या सिलिंडरसाठी, नवऱ्याच्या नोकरीसाठी, पोराच्या तापासाठी कसं मागायचं? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मागणं असं मागा, की उत्तर आलं तर ओळखता येईल

"बरकत दे, सुखशांती दे" ही प्रार्थना चुकीची नाही. पण तिचं उत्तर आलं की नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही आणि आभार मानायचं राहून जाईल. "माझ्या मुलाचं भलं कर" याऐवजी असं म्हणा, "प्रभू, येत्या शनिवारी त्याच्या हातात पगार पडेल. तो अड्ड्याकडे न वळता घरी येऊ दे." "शेतीत यश दे" याऐवजी "कपाशीची बोंडं गळतायत, या आठवड्यात एक पाऊस दे." वार सांगा, माणसाचं नाव सांगा, रुपयांचा आकडा सांगा. देवाला आकडा ठाऊक असतोच. तो उच्चारताना आपली आपल्यालाच गरज किती आणि हाव किती, हे कळतं. तेवीस हजार मागायला बसलेली मी कितीदा तरी चौदा हजारांवर आले आहे.

भाषा घरचीच ठेवा. आमच्या मंडळीत एक आजी होत्या. सभेत पाळकसाहेबांनी प्रार्थना करायला सांगितलं की त्या गप्प बसायच्या, कारण छापील मराठी त्यांना जमायची नाही. एकदा नातवाच्या उशाशी मी त्यांना ऐकलं: "देवबा, मना नातूले ताप शे, उतारी दे." एवढंच, पुन्हा पुन्हा. त्या दिवसापासून मीही देवाशी अहिराणीतच बोलते. पंडिता रमाबाई संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडित, पण त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासून सबंध बायबलचं भाषांतर केलं, ते साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. आयुष्याची शेवटची वर्षं, १९२२ साली जाईपर्यंत, त्यांनी त्या कामाला दिली. देवाचं बोलणं आपल्या भाषेत यावं म्हणून कुणी एवढं झिजलं असेल, तर आपलं बोलणं परक्या भाषेत कशाला न्यायचं?

एक पथ्य मी पाळते. दुसऱ्याचं नुकसान होईल असं मागणं वहीत लिहीत नाही. "बांधाच्या खटल्यात दीर हरू दे" असं सांगायला एक बाई आली होती. आम्ही दोघींनी बसून ते बदललं: "खरं काय ते समोर येऊ दे आणि दिवाळीला दोन्ही घरांत फराळाची ताटं जाऊ देत." त्या वाक्यापाशी यायला आम्हाला पाऊण तास लागला. ती रडली, रागावली, उठून गेली, परत आली. तो पाऊण तास प्रार्थनेतच धरावा असं मला वाटतं.

वही

साधी दोनशे पानी वही घ्या. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात मागणं, तिसरा कोरा. तिसऱ्या रकान्यात मी चारच गोष्टी लिहिते: हो, नाही, अजून नाही, किंवा "वेगळंच". जे आलं ते कोणाच्या हातून आलं, हेही लिहिते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जॉर्ज म्युलर नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांनी १८३६ साली अनाथ मुलांसाठी घर उघडलं, आणि मुलांच्या जेवणाखाणासाठी ते कुणा माणसापुढे हात न पसरता देवाकडेच मागत. काय मागितलं, काय मिळालं, ते सगळं लिहून ठेवत. माझ्या आईकडून मी त्यांची गोष्ट ऐकली होती, पण वही धरली ती फार उशिरा.

मी पहाटे, नळाला पाणी येण्याआधी बसते. पंधरा मिनिटं. आधी कालचं पान वाचायचं, मग आजचं लिहायचं, मग ते मोठ्याने बोलायचं. मनातल्या मनात प्रार्थना केली की मन भटकतं, दुधाचा हिशोब सुरू होतो. आवाजाने ती जाग्यावर राहते. एका वेळी तीनच मागण्या ठेवा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेहून आल्यावर सबंध महिना वाचून काढायचा, आणि हे मुळीच चुकवायचं नाही. मला पहिल्याच वाचनात कळलं, की जे मिळालं त्यातलं निम्मं मी विसरूनही गेले होते. कातडीच्या रोगातून बरे झालेले ते दहा जण आठवतात ना? आभार मानायला परत आला एकच (लूक १७). आणि तो शोमरोनी होता, परका.

आधी घरात काय आहे ते बघा

२ राजे ४ मध्ये एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. सावकार तिची दोन्ही मुलं गुलाम म्हणून न्यायला आला आहे. अलीशा लगेच प्रार्थना करत नाही. तो विचारतो, तुझ्या घरात काय आहे? ती म्हणते, तेलाच्या बुधलीखेरीज काही नाही. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, आणि तीही थोडीथोडकी नव्हे.

ही गोष्ट मी रविवार शाळेत किती वर्षं शिकवली, पण मधला भाग माझ्या अंगी लागला नव्हता. मुलीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीमध्ये साडेनऊ हजार कमी पडत होते. शेवटची तारीख २० ऑगस्ट. मी महिनाभर मागत होते, दार लावून, कुणाला न सांगता. मग एके रात्री वहीत घरातल्या वस्तू लिहून काढल्या: दोन शेळ्या, त्यातली एक गाभण. दीड क्विंटल बाजरी. शिलाई मशीन. पायातले चांदीचे तोडे, ते आधीच गहाण. आणि बाराजणींची हजार-हजार रुपयांची भिशी, जिच्यात माझा नंबर डिसेंबरात होता.

यादी लिहिताना लक्षात आलं, की रिकामी भांडी मागायला मी कुठल्याच दारी गेले नव्हते. लाज वाटत होती. सरकारी नोकरीतली बाई, तिला कशाला कमी, असं लोक म्हणतील. दुसऱ्या दिवशी भिशीच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. शेजारच्या शिंपीणकाकू म्हणाल्या, "माझा नंबर तू घे. मी डिसेंबरात घेईन." त्या आमच्या धर्माच्या नाहीत, आणि त्यांना ते पैसे पत्र्यांसाठी हवे होते, भर पावसात त्यांच्या स्वयंपाकघराचं छप्पर गळत होतं. १८ तारखेला फी भरली. त्याच संध्याकाळी मी आणि मुलीने त्यांच्या छपरावर ताडपत्री बांधली.

याला चमत्कार कसला म्हणायचं, हा तर शेजारधर्म झाला, असं मला एकाने सुनावलं. ज्या बाईच्या चुलीवर पाणी गळतंय ती आपले पत्रे चार महिने पुढे ढकलते, यात मला देवाचा हात स्पष्ट दिसतो. वहीत "हो" लिहिलं आणि पुढे काकूंचं नाव लिहिलं.

म्हणून माझं सांगणं, मागायला बसण्याआधी यादी करा. प्रभूने मोठ्या जमावाला जेवू घातलं, तेव्हाही पाच भाकरी आणि दोन मासे आधी कुणीतरी मोजले होते.

प्रार्थना आणि दवाखाना

या भागावर मी रेंगाळणार आहे, कारण इथे चूक झाली तर माणूस जातो.

श्रावणातली रात्र होती. गल्लीतल्या एका घरी पाहुणा आलेला सतरा वर्षांचा भाचा कांद्याच्या चाळीत जमिनीवर झोपला होता. पहाटे तीनला उठला, म्हणाला पोटात दुखतंय. मग पापण्या खाली येऊ लागल्या, बोलणं जड झालं. अंगावर सूज नाही, दाताची खूण धड दिसत नाही. मण्यारीचा दंश असाच असतो, झोपलेल्या माणसाला ती चावली तरी कळत नाही. मी पोचले तेव्हा दहा-बारा माणसं जमली होती, गुडघे टेकलेले, गाणं सुरू, कुणी त्याच्या कपाळाला तेल लावत होतं. विश्वास खरा होता त्यांचा, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण मुलाचा श्वास उथळ होत चालला होता.

मी म्हटलं, "प्रार्थना थांबवायची नाही. गाडीत करायची."

त्या रात्री मी तीन गोष्टी मागितल्या, मोठ्याने, त्याला कुशीवर धरून: गाडी मिळू दे, दवाखान्यात सापाच्या विषावरची लस असू दे, तिथे पोचेपर्यंत याचा श्वास चालू राहू दे. जीपवाला भाऊ एरवी त्या वेळी भाजी घेऊन सुरतेच्या वाटेवर असतो. कोंडाईबारी घाटात गाड्या अडकल्या म्हणून त्याची खेप रद्द झाली होती, तो घरी होता. तालुक्याच्या दवाखान्यात लस होती. तिथून धुळ्याला नेलं, मशीनवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले. तिन्ही ओळींपुढे "हो".

साप चावला तर काय करायचं ते इथेच सांगून ठेवते. माणसाला चालू देऊ नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा. घट्ट दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, चोखू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने लस असलेल्या दवाखान्यात न्या. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि ख्रिस्ती माणसाने ते कायद्याच्या भीतीने पाळावं असं मला वाटत नाही. प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो (कलस्सै ४:१४).

दुसरी गोष्ट सांगताना अजून माझा आवाज चढतो. माझ्या भागातल्या एका बाईला मिरगीची गोळी चालू होती. ती कुठल्याशा मोठ्या प्रार्थना सभेला गेली. व्यासपीठावरून सांगण्यात आलं, तू बरी झालीस, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास. तिने गोळी सोडली. नवव्या दिवशी चुलीपाशी झटका आला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. सात आठवडे मी ड्रेसिंग करत होते, आणि ती मलाच विचारायची, "माझा विश्वास कमी पडला का सिस्टर?"

नाही. तिला तसं सांगणाऱ्याचं चुकलं. प्रभूने कातडीच्या रोग्यांना काय सांगितलं? जा, याजकांना दाखवा. त्या काळी बरं झाल्याची तपासणी याजक करत. म्हणजे तपासून घ्या, हे खुद्द प्रभूचं सांगणं आहे. तुम्हाला बरं वाटतंय ना, देवाची स्तुती असो. गोळी चालू ठेवा, तपासणी करून घ्या, डॉक्टरांनी थांबवली की थांबवा आणि मग रिपोर्ट हातात घेऊन मंडळीसमोर साक्ष द्या. बीपी, साखर, मिरगी, टीबी, सगळ्यांना हाच नियम. सिकलसेलच्या लेकरांना तर विशेष. आपल्याकडे भिल्ल, पावरा, गावित घरांमध्ये हा आजार बराच आहे. त्या लेकरांसाठी दुखणं न उठण्याची प्रार्थना करा आणि पाण्याची बाटलीही भरून द्या, थंडीत स्वेटर घाला, ताप आला तर वाट बघू नका.

तेल लावून प्रार्थना करायला याकोबाच्या पत्रात सांगितलं आहे (५:१४), मंडळीच्या वडिलांना बोलवून. घरातलं कुठलंही तेल चालतं. बाटलीत भरून विकलं जाणारं तेल घेऊ नका. उपासाचंही तसंच, साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने अन्न सोडू नये. त्या दिवशी टीव्ही सोडावा, फोन सोडावा.

आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना दोन मिनिटांच्या वर नेऊ नका. हात ठेवण्याआधी विचारा. नाव घ्या, दुखणं सांगा, मागा, आमेन म्हणा. मग पाणी हवं का विचारा. याईराच्या मेलेल्या मुलीला उठवल्यावर प्रभूने पहिली गोष्ट काय सांगितली? हिला खायला द्या.

"नाही" लिहायचं कसं

माझ्या यजमानांना तोंडाचा कर्करोग झाला. तंबाखू. अकरा महिने आम्ही मागितलं, मंडळीने साखळी-उपास केले, मी स्वतः रोज पहाटे त्यांच्या गालावर हात ठेवून नेमकं मागितलं: ही गाठ विरघळू दे. गाठ वाढत गेली. ते गेले. मातीच्या दिवशी एका बाईने मला जवळ घेऊन सांगितलं, की तुमच्या प्रार्थनेत कुठेतरी संशय राहिला असेल. तुम्ही कधी कुणाला हे म्हणू नका. मार्क ९ मधला तो बाप उघड म्हणाला, की माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासात मला मदत कर. तरी त्याचं पोर बरं झालं. पौलाचा विश्वास कमी होता का? तीन वेळा विनवणी करूनही त्याच्या देहातला काटा निघाला नाही (२ करिंथ १२).

त्या ओळीपुढचा रकाना मी चार महिने कोरा ठेवला. मग एका पहाटे "नाही" लिहिलं. लिहिताना मागची पानं उलटली गेली. तिथे छोट्या ओळी होत्या. "आज रात्री तीन तास झोप लागू दे": हो. "पेज गिळता येऊ दे": हो. "मुलगी पोचेपर्यंत शुद्ध राहू दे": हो. मोठ्या मागण्याच्या सावलीत या ओळी मला दिसल्याच नव्हत्या. त्यांनी "नाही"चं दुःख कमी केलं नाही. पण त्या खऱ्या होत्या आणि माझ्याच अक्षरात होत्या.

तेव्हापासून मोठं मागताना मी शेवटी एक वाक्य घालते, जे दानीएलाच्या तीन मित्रांनी, त्यांना आगीच्या भट्टीत टाकायला निघाले तेव्हा, म्हटलं तसं: तू सोडवशील, आणि नाही सोडवलंस तरी मी तुझीच (दानीएल ३). हे वाक्य पहिल्या दिवशी जमणार नाही. जमत नसेल तर म्हणू नका, खोटं बोलू नका. "मी रागावले आहे" असं म्हणा. स्तोत्रांमध्ये तसं बोलणारे पुष्कळ आहेत.

आमच्या शेतात बोअर घेतली तेव्हाही मागितलं होतं. तीनशे फुटांपर्यंत धूळच निघाली. तेही "नाही".

एकट्याने जमत नसेल तेव्हा

कधीकधी स्वतःसाठी शब्दच निघत नाहीत. तेव्हा चार जण गाठा. मार्क २ मधल्या पक्षाघाती माणसाने स्वतः काही मागितल्याचं लिहिलेलं नाही; चौघांनी त्याला खाटेसकट छपरातून खाली सोडला. आमच्या चौघींचा बुधवार आहे, दुपारी तीन वाजता, भांडी झाल्यावर. नियम तीनच. एकीचं मागणं बाहेर बोलायचं नाही. सल्ला देत बसायचं नाही. आणि पुढच्या बुधवारी पहिल्यांदा विचारायचं, "त्याचं काय झालं?" हे विचारलं नाही तर गट चहापाण्याचा होऊन जातो.

साक्ष देताना ज्याची गोष्ट आहे त्याला आधी विचारा. आणि वाढवून सांगू नका. ताप दोन दिवसांनी उतरला असेल तर दोन दिवसांनीच सांगा. बेथसैदाच्या आंधळ्याला पहिल्या स्पर्शात माणसं झाडांसारखी दिसली, प्रभूने दुसऱ्यांदा हात ठेवला (मार्क ८). मार्कने ते लपवलं नाही.

"हो" आलं की ज्याच्या हातून आलं त्याच्या घरी जा. फोनवर भागवू नका. तो भाचा घरी आल्यावर मी जीपवाल्या भाऊकडे गेले, डब्यात कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन. तो दारातच गाडी धूत होता. पैसे घेत नव्हता. डबा घेतला, आत ठेवून आला आणि जरा घुटमळून म्हणाला, "सिस्टर, तुमच्या त्या वहीत आमच्या आईचा गुडघाही लिहा ना."

मी वही काढली. "नेमकं काय मागू?"

तो विचार करत राहिला. पाइपातून पाणी वाहत होतं. "ओट्याच्या तीन पायऱ्या आहेत," तो म्हणाला, "त्या तिला एकटीने उतरता याव्यात."

मी तारीख घातली आणि तसंच लिहिलं.